यशवंतसागराकाठची नोंदवही

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

आजपासून ही नोंदवही सुरू करीत आहे. आमचे गाव भिगवणच्या परिसरात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या, म्हणजेच यशवंतसागर जलाशयाच्या काठी आहे. अधिक नेमके लिहायचे तर आमचे जुने गाव त्या पाण्याखाली आहे आणि आम्ही काठावरच्या पुनर्वसित गावठाणात राहतो. हिवाळा लागला की पुण्या-मुंबईच्या गाड्या रोहित पक्षी पाहायला येतात, होडीत बसतात, दुपारी मासे खातात आणि संध्याकाळी महामार्गाने परत जातात. त्यांच्या दृष्टीने हे पाखरांचे ठिकाण आहे. आमच्या घरात मात्र पाखरांविषयी फारसे बोलणे होत नाही. येथे सकाळी पहिला प्रश्न असतो तो धरण किती टक्के आहे हा. या दोन गोष्टी एकाच वहीत, एकाच ओळीत लिहिल्या पाहिजेत, असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे.

वहीचे चार रकाने केले आहेत: पाणी, जीव, ताट आणि वाट. पाण्याच्या रकान्यात धरणाचा जाहीर होणारा आकडा आणि माझे स्वतःचे एक मोजमाप असेल. आमच्या उतारावर एका जुन्या बाभळीचा खुंट आहे. तेथून पाण्याच्या काठापर्यंत किती पावले होतात, ते मी दर रविवारी मोजणार आहे. जीवांच्या रकान्यात पक्षी, मासे, माळावरची जनावरे. ताटाच्या रकान्यात त्या आठवड्यात घरी व परिसरात काय शिजले. आणि वाटेच्या रकान्यात मी कोठे, कशाने गेलो. घरापासून पन्नास किलोमीटरच्या बाहेर जायचे नाही, एवढाच नियम ठेवला आहे.

यंदा पाऊस कमी झाला आणि धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरले. खुंटापासून आज १४० पावले झाली. एरवी या दिवसांत खुंट पाण्यात असतो.

१९ नोव्हेंबर २०२३

पावले १७५. दिवाळी संपल्यामुळे ताटाच्या रकान्यात शिळ्या करंज्यांखेरीज लिहिण्यासारखे काही नाही.

काठाच्या उथळ पाण्यात वारकरी आले आहेत. काळेभोर अंग आणि कपाळावर पांढरा पट्टा, यावरून या पक्ष्याला आपल्या भाषेत हे नाव पडले असावे. संत तुकाराम महाराजांची पालखी आमच्या तालुक्यातून जाते, त्यामुळे आमच्याकडे लहान मुलेही हा पक्षी नावानिशी ओळखतात. चक्रवाकांच्या तीन जोड्या चिखलाच्या पट्ट्यावर उभ्या होत्या. त्यांचा तांबूस-केशरी रंग ऊन तिरपे असताना ओल्या गाळावर इतका ठळक दिसतो, की दुर्बिणीची गरज भासत नाही.

१० डिसेंबर २०२३

पावले २३०. आज पहाटे भिगवणच्या मासळी बाजारात गेलो होतो, आणि आजची नोंद बहुतेक ताटाविषयीच होणार आहे.

रात्री जाळी टाकून आलेल्या होड्यांचा माल सकाळी येथे येतो आणि लिलावाने विकला जातो. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये कटला, रोहू, मरळ, वाम आणि शिंगटा असे सगळे दिसते, परंतु ढीग असतो तो चिलापीचा. चिलापी मूळची आफ्रिकेतली. ती आमच्या पाण्यात इतकी मुरली आहे, की गावातल्या तरुणांना ती परकी आहे हे सांगूनही पटत नाही. तिच्या भरभराटीचे एक कारण मी स्वतः पाहिले आहे. चिलापीची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते. दोन वर्षांपूर्वी आईने मासा साफ करायला घेतला, तेव्हा त्याच्या जबड्यातून तांदळाच्या कणीएवढी पिल्ले बाहेर पडली होती, आणि त्या दिवशी आईने तो मासा शिजवला नाही. ज्या माशाची मादी पिल्लांची अशी राखण करते, त्याच्यापुढे नदीतल्या जुन्या जातींचा निभाव लागणे अवघड आहे. धरणापूर्वीच्या भीमेत मिळणाऱ्या कितीतरी माशांची नावे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, सांगतात. त्यांपैकी निम्मे मासेही मी पाहिलेले नाहीत. अलीकडे जाळ्यात अंगावर काटेरी कवच असलेला सकर मासाही येऊ लागला आहे. घरातल्या काचेच्या टाकीत शोभेसाठी पाळला जाणारा हा मासा कोणीतरी नदीत सोडला असणार. तो खाण्याच्या उपयोगाचा नाही आणि जाळी फाडतो, म्हणून मासेमार वैतागून त्याला काठावर फेकून देतात.

बाजारात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे बोटभर लांबीच्या माशांच्या पाट्या. बारीक आसाच्या जाळ्यात मोठ्या जातींची पिल्लेही अडकतात, आणि जे पिल्लू वर्षभराने किलोभर झाले असते, ते आज मूठभर पैशांना सुकवण्यासाठी जाते. आमच्या ओळखीचे एक मामा पिढीजात भोई आहेत. ते रुंद आसाचीच जाळी वापरतात आणि त्यापायी रोज कमी मासळी घरी नेतात. त्यांच्याकडूनच मी मासे घेतो.

चिलापी आमच्या घरी अशी होते. खवले आणि कल्ले काढून, मीठ व चिंचेच्या कोळाने चोळून मासा धुतला, की गाळाचा वास जातो. मग हळद, मीठ, वाटलेली लसूण-कोथिंबीर आणि घरचा कांदा-लसूण मसाला लावून तो अर्धा तास ठेवायचा, ज्वारीच्या पिठात घोळवायचा आणि तव्यावर कमी तेलात, झाकण न ठेवता परतायचा. महामार्गावरच्या हॉटेलांत पिठाऐवजी रवा आणि वरून लाल रंग असतो; तो खमंग लागतो, परंतु त्यात माशाची चव शोधावी लागते. रश्श्यासाठी आई कांदा आणि सुके खोबरे चुलीत भाजते. सोबत भाकरी ज्वारीची, आणि थंडी वाढली की बाजरीची. आज बाजरीची होती.

३१ डिसेंबर २०२३

पावले २९५. वर्षअखेरीची गर्दी आहे. कुंभारगाव आणि डिकसळ या दोन्ही ठिकाणी सकाळी सातपासून गाड्यांच्या रांगा होत्या. या गर्दीवर गावातल्या तरुणांची घरे चालतात, हे मला मान्य आहे आणि त्याचा आनंदही आहे. ज्यांच्या जमिनी पाण्यात गेल्या, त्यांच्या नातवांना त्याच पाण्यावर होडी चालवून दोन पैसे मिळतात, यात काही एक न्याय आहे.

तरीही आज पाहिलेली एक गोष्ट लिहून ठेवतो. एका होडीतून कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण टाकले जात होते आणि पक्षी छायाचित्रासाठी हाताएवढ्या अंतरावर येत होते. हे पक्षी हिमालयापलीकडून येतात. पाण्यातले मासे आणि किडे हे त्यांचे अन्न आहे, तळलेले बेसन आणि मीठ नव्हे. काठावर उतरल्यावर मी त्या होडीच्या चालकाशी बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले, की पाहुणे मागतात, आणि तो नाही म्हणाला तर पुढच्या खेपेला ते दुसऱ्याच्या होडीत बसतात. त्याच्या बोलण्यातली अडचण खरी आहे. असा नियम एकट्याने पाळून भागत नाही. सगळ्या होड्यांनी मिळून एकाच दिवशी ठरवले, तरच ते टिकेल.

१४ जानेवारी २०२४, भोगी

सकाळी आईने भोगीची भाजी केली: हरभऱ्याचे सोलाणे, घेवडा, वांगी, गाजर, बोरे, उसाचे करवे आणि वरून तिळाचे कूट. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. ती शिदोरी घेऊन भाच्यासह मोटारसायकलने कडबनवाडीच्या माळावर गेलो.

कडबनवाडीचा माळ हा आमच्याच इंदापूर तालुक्यात असला, तरी पाण्याच्या काठावरून तेथे पोहोचणारा माणूस चकित होतो. ऊस आणि केळी मागे पडतात, खडकाळ जमीन सुरू होते आणि गुडघाभर पिवळे गवत वाऱ्यावर एका दिशेला झुकलेले दिसते. येथे चिंकारा आहेत, लांडगे आहेत, खोकड आहे. आम्हांला चार चिंकारा दिसले. भाच्याने विचारले, की पाणी नाही तर ही जनावरे येथे काय पितात. चिंकाऱ्याला पाला, शेंगा आणि पहाटेचे दव यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर बराच काळ निभावता येते, हे मी त्याला सांगितले. आमच्याकडे नेहमी पाण्याचीच श्रीमंती मोजली जाते, आणि असा माळ ‘पडीक’ म्हणून कागदावर लिहिला जातो. पडीक म्हटले की तेथे खड्डे खणून झाडे लावण्याची किंवा मुरूम उचलण्याची मुभा आहे असे समजले जाते, आणि गवत गेले की चिंकारा, लांडगा आणि धनगरांची मेंढरे या तिघांचेही घर एकदमच जाते.

संध्याकाळी भोवत्या उतरू लागले. हे शिकारी पक्षी हिवाळ्यासाठी उत्तरेकडून येतात आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवरच मुक्काम करतात. त्यामुळे वाट सोडून गवतात घातलेल्या एका गाडीची चाके किती नुकसान करतात, हे ती गाडी चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आज अशा दोन गाड्यांचे ताजे माग मोजले.

परतताना एका परिचितांच्या शेतात हुरडा खाल्ला. गूळभेंडी ज्वारीची कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजून हातावर चोळलेली, सोबत लसणाची चटणी आणि दही. हाताचे तळवे रात्रीपर्यंत काळे होते. पावले मोजायची राहिली.

२५ जानेवारी २०२४

या आठवड्यात धरण उणेत गेले. बाहेरच्या वाचकाला हे समजणार नाही, म्हणून लिहितो. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यांतील जवळजवळ ६४ टीएमसी हा मृतसाठा आहे. उपयुक्त साठा संपला, की टक्केवारी शून्यावर येते आणि नंतरचे पाणी ‘उणे’ आकड्यात मोजले जाते. म्हणजे उणे झाले तरी डोळ्यांसमोर मैलोगणती पाणी असते. परंतु तो आकडा ऐकला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण सोलापूर शहराचे पिणे, कालव्यांची आवर्तने आणि काठावरच्या उपसा मोटारी या सगळ्यांची ओढाताण तेथून सुरू होते. गेल्या काही हंगामांत असा आकडा उन्हाळ्यात येत असे. यंदा तो संक्रांतीच्या आठवड्यानंतर लगेच आला.

पावले ४१०. तात्यांनी मोटारीचा पाइप दुसऱ्यांदा वाढवला.

१८ फेब्रुवारी २०२४

पावले ५६०. पहाटे साडेपाचला मामांच्या होडीतून निघालो. ते इंजिन बंद करून वल्ह्याने नेतात.

सुमारे चारशे रोहित एका उथळ दांडीवर उभे होते. दुरून ती गुलाबी-पांढरी रेघ दिसते. जवळ गेल्यावर आधी आवाज येतो, हंसांच्या कलकलाटासारखा, सतत चाललेला, आणि मग त्यांच्या चरण्याची रीत दिसू लागते. रोहित डोके उलटे करून चोच पाण्यात घालतो, जिभेच्या हालचालीने पाणी आत-बाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक जाळीतून शेवाळाचे कण, अळ्या, सूक्ष्म कवचधारी जीव गाळून घेतो. त्याच अन्नातल्या रंगद्रव्यामुळे त्याच्या पंखांना गुलाबी रंग येतो. चरताना तो एका जागी गोल फिरत पायांनी गाळ तुडवतो, म्हणजे तळातले जीव वर येतात. पाणी आणखी हटले, की त्या तुडवलेल्या जागा गाळावर वर्तुळांच्या रूपाने उरतात. परवा भाच्याने मला अशी वर्तुळे दाखवून, हे कोणी आखले, असे विचारले होते. आज त्याला उत्तर प्रत्यक्ष पाहता आले.

या पक्ष्याला गुडघ्याएवढे पाणी लागते. ज्या वर्षी धरण तुडुंब असते, त्या वर्षी त्याला उभे राहायला जागा उशिरा मिळते. यंदा आम्हांला नको असलेली ओहोटी त्याच्या सोयीची ठरली. तात्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “पाणी हटलं की पाखराला चिखल मिळतो आन् आपल्याला पाइप वाढवावा लागतो. त्याच्यावर राग धरून काय करायचं, त्यानं काय पाणी पिलंय?” ज्यांची सात एकर ज्वारीची जमीन या पाण्यात गेली, त्यांच्या तोंडून हे ऐकले, म्हणून शब्दशः लिहून ठेवले.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. पाण्यावर हिरवी साय आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना आणि भीमेतून शेवटी आमच्या जलाशयात येते, आणि पाणी कमी होत जाते तसतशी ती घाण दाट होते. हात बुडवला तर कोपरापर्यंत हिरवा लेप येतो, काही ठिकाणी जलपर्णी इतकी माजते की होडी अडते, आणि ज्या पाण्याच्या काठी आम्ही राहतो ते तोंडात घेण्याची हिंमत कोणी करीत नाही. पिण्यासाठी घरोघर जार विकत घेतले जातात. हेच सांडपाणी शेवाळ पोसते आणि शेवाळावर चिलापी पोसली जाते. रोहितांचे थवे पाहून हे पाणी निरोगी आहे असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो चुकीचा ठरेल. पाखरे आली म्हणजे पाण्याची परीक्षा पार पडली, असे मी आजवर समजत होतो. हे मत मी आज बदलत आहे.

पट्टकादंबांचा एक थवा, साधारण साठ पक्षी, हरभऱ्याच्या रानात उतरला होता. हिमालयाची शिखरे ओलांडून येणारा हा पक्षी आमच्या गाळपेरीतली, म्हणजे पाणी हटलेल्या गाळावर पेरलेल्या पिकातली, कोवळी पाने खुडतो, हे शेतकऱ्याला परवडत नाही, तरीही येथे त्याला कोणी दगड मारताना मी पाहिलेले नाही.

३० मार्च २०२४, रंगपंचमी

पावले मोजणे थांबवले. काठ आता हजारांच्या पुढे गेला आहे आणि मधल्या ओल्या गाळात पाय रुततात. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर झाली आहे. मका, कडवळ आणि कलिंगडाचे वेल जेथे आहेत, तेथे गेल्या वर्षी होड्या चालत होत्या. गाळाच्या कलिंगडाची साल पातळ असते आणि गर रवाळ असतो. दुपारी दोन कलिंगडे चौघांनी संपवली. रोहितांपैकी निम्मे अजून आहेत.

२१ एप्रिल २०२४

पळसदेवला गेलो. महामार्गावरच्या नव्या पळसदेव गावातून खाली उतरले, की जुन्या गावाची जागा आणि पळसनाथाचे मंदिर आहे. धरण भरलेले असते तेव्हा शिखराचा वरचा भागच पाण्याबाहेर राहतो. यंदा संपूर्ण मंदिर उघडे पडले आहे आणि आत चालत जाता येते. दगडी भिंती, वर विटांचे शिखर, आणि आसपास वीरगळ व सतीशिळा. चाळीसहून अधिक वर्षे पाण्यात बुडत आणि उघडी पडत असूनही कोरीव कामाच्या कडा अजून बोटाला लागतात. देव मात्र गावकऱ्यांनी स्थलांतराच्या वेळीच वर नेला.

आईला सोबत नेले होते. तिचे माहेर याच पट्ट्यात होते. मंदिरात ती फार वेळ थांबली नाही. बाहेर येऊन गाळात उभी राहिली आणि हाताने दिशा दाखवत सांगत गेली, की येथून पाणंद होती, येथे चिंचेचे झाड होते, आणि नदीच्या वाळवंटात उन्हाळ्यात डांगरवाड्या होत्या; रात्री राखणीला गेलेल्या मुलांना पहिले डांगर मिळे. मी तिच्यामागे चालत तिच्या बोलण्यातल्या जागा वहीत टिपत होतो. एका ठिकाणी पायाखाली जात्याची तळी लागली. तिने ती पदराने पुसली आणि तेथेच ठेवली.

उजनीचे काम पूर्ण झाले १९८० मध्ये. त्यानंतर जन्मलेल्या आम्हां मुलांसाठी हे पाणीच मूळचे आहे. आईच्या दृष्टीने ते नंतर आलेले आहे. वहीत ‘वाट’ या रकान्याखाली मी आज तिची जुनी पाणंद लिहिली आहे, कारण आज आम्ही प्रत्यक्ष तिच्यावरूनच चाललो.

डोक्यावरून मोरघारीसारखा मोठा शिकारी पक्षी गेला, परंतु ओळख पटली नाही म्हणून जीवांच्या रकान्यात नोंदवलेला नाही.

२४ मे २०२४

मंगळवारी, २१ तारखेला संध्याकाळी, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आमच्या तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत लहान मुलेही होती.

त्या संध्याकाळी आमच्याकडेही वाऱ्याने पत्रे उडाले होते. उन्हाळ्याच्या शेवटी दुपारनंतर असे वादळ पंधरा-वीस मिनिटांत उठते, आणि एवढ्या रुंद, उघड्या पाण्यावर लाटा कमी वेळात उंच होतात. माझी आत्या पलीकडच्या काठावर, करमाळा तालुक्यात दिलेली आहे. रात्री तिच्या गावचे दिवे आमच्या अंगणातून दिसतात. होडीने ते अंतर थोडक्या वेळाचे आहे. रस्त्याने जायचे तर डिकसळच्या पुलावरून मोठा वळसा पडतो. १८५८ मध्ये पुण्याहून निघालेला लोहमार्ग डिकसळपर्यंत पोहोचला होता, आणि धरणामुळे रेल्वे दुसरीकडून वळवल्यानंतर तिचा तो जुना दगडी पूल दोन तालुक्यांना जोडणारा रस्ता झाला. पाण्याने गावे दोन काठांवर वाटली गेली, पण लग्नसंबंध, बाजार, शाळा आणि दवाखाने वाटले गेले नाहीत; म्हणून लोक होडीत बसतात. लाइफ जॅकेट घालण्याची सक्ती आणि वारा सुटल्यावर खेप बंद ठेवण्याचा नियम आवश्यक आहेच, परंतु शिरसोडी ते कुगाव पुलाची मागणी लोक इतकी वर्षे का करीत आहेत, हे या आठवड्यात कोणाला वेगळे सांगण्याची गरज उरलेली नाही.

या आठवड्यात इतर रकाने रिकामे ठेवले आहेत.

९ जून २०२४

धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ. पहिला पाऊस झाला, परंतु काठावर त्याचा काही परिणाम नाही.

एसटीने इंदापूरला गेलो. जुन्या तहसील कचेरीच्या आवारात, जेथे मालोजीराजांची गढी होती, तेथल्या चिंचेच्या झाडांवर चित्रबलाकांची वीण आहे. खाली दाखल्यांसाठी, सातबाऱ्यासाठी माणसांची ये-जा, चहाची टपरी, आणि वर फांद्याफांद्यांवर काटक्यांची घरटी. भादलवाडीच्या तलावातल्या बाभळींवरही यांची वसाहत असते, पण भर वस्तीतले हे ठिकाण मला अधिक मोलाचे वाटते. कोणीही आत जाऊन बाकावर बसू शकतो आणि दुर्बिणीशिवाय संपूर्ण संसार पाहू शकतो. दुपारच्या उन्हात आई-बाप पंख पसरून पिल्लांवर सावली धरतात आणि चोचीतून आणलेले पाणी त्यांच्या अंगावर सोडतात. पिल्लांना भरवले जाणारे मासे उजनीच्या उथळ काठांवरून येतात. मी तासभर बसलो, तेवढ्यात एका घरट्यावर चार खेपा झाल्या.

गेल्या आठवड्याच्या वाऱ्यात दोन पिल्ले खाली पडली होती. चहाच्या टपरीवरच्या मावशींनी ती उचलून गोणपाटावर ठेवली आणि वन विभागाच्या माणसांना बोलावून त्यांच्या हवाली केली. झाडाखालची विष्ठा, सडक्या माशांचा वास, उभ्या गाड्यांवर पडणारे डाग, हे सगळे येथे रोजचे आहे, फांद्या छाटून टाकाव्यात असे कोणी सुचवल्यावर मावशींनी काय उत्तर दिले, ते त्यांनी मला हसत सांगितले: “आमचं दुकान पावसाळ्यात दुसरीकडं सरकवता येतं, त्यांचं घर कसं सरकवणार?”

परत येताना बसस्थानकाजवळ शेंगोळे खाल्ले. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी, लसणाच्या फोडणीच्या पाण्यात शिजलेली; पावसाळी हवेत याहून चांगले काही नसते.

१४ जुलै २०२४

पालखी इंदापुरातून पुढे गेली. बेलवाडीच्या रिंगणाला यंदा भाच्याला खांद्यावर घेऊन उभा होतो. गावागावांत पिठले-भाकरीच्या पंगती झाल्या. आमच्याकडून आळीतल्या सगळ्या घरांनी मिळून भाकरी पाठवल्या. आईच्या वाट्याला पन्नास आल्या होत्या. एकादशी होईपर्यंत घरात मासळी नाही. नंतर श्रावण लागेपर्यंतचे आखाडाचे दिवस मासेवाल्यांच्या घाईचे असतात.

मामांनी जाळी दोरीवर टाकली आहेत. नव्या पाण्याबरोबर मासे विणीसाठी वर चढतात, म्हणून ते सध्या धंदा करीत नाहीत. भिमाशंकरकडे आणि मावळात पाऊस सुरू झाल्याचे सगळे बोलतात, कारण आमचे धरण आमच्या पावसाने भरत नाही. येथे आकाश कोरडे असताना काठ एखाद्या रात्रीत गुपचूप वर येतो.

११ ऑगस्ट २०२४

धरण भरले. गेल्या महिन्याच्या शेवटी पुण्याच्या वरच्या धरणांतून विसर्ग सुरू झाला, आणि उणे आकडा शून्याला, तेथून शंभराला इतक्या वेगाने पोहोचला की मला रकाना रोज भरावा लागला. आता भीमेत पाणी सोडले जात आहे. खालच्या, पंढरपूरच्या काठाला त्यामुळे पुराची काळजी आहे.

पंचमीसाठी आत्याला आणायला गेलो होतो. आईने आधीच सांगून ठेवले होते, की या वर्षी होडीने कोणी येणार-जाणार नाही. त्यामुळे मोटारसायकलने डिकसळच्या पुलावरून कोंढार चिंचोलीमार्गे गेलो आणि त्याच वाटेने परत आलो. पुलाच्या कमानींना लागून पाणी वाहत होते, जलपर्णीचे गालिचे धडकत होते. मधोमध आत्याने गाडी थांबवायला लावली आणि पाण्याला हात जोडले. पंचमीला चिरणे, तळणे वर्ज्य, म्हणून घरी पुरणाचे दिंड उकडले होते. आत्याने येताना स्वतःच्या शेतातल्या हुलग्यांची पिशवी आणली. तिच्या गावच्या बाजूचे हुलगे अधिक चवदार असतात, हा दोन्ही काठांवरचा जुना वाद तात्यांशी पुन्हा एकदा झाला.

कलिंगडाचे वेल, रोहितांनी तुडवलेली वर्तुळे, आईची पाणंद, जात्याची तळी, हे सगळे आता पाण्याखाली आहे. पळसनाथाचे फक्त शिखर दिसते, आणि त्यावर आज दोन पाणकावळे पंख वाळवत बसले होते. संध्याकाळी उतारावर गेलो. बाभळीच्या खुंटाचे टोक लाटेबरोबर दिसत होते आणि बुडत होते. आत्याने विचारले, की मी वहीत काय लिहितो आहे. तिला पाण्याचा रकाना दाखवला. पावले : शून्य.